दर उन्हाळ्यात गाडीत ‘गॅस’ का टाकावा लागतो? एका सवयीची पार्श्वभूमी

एप्रिल लागला की सोलापुरात जुना पुणे नाका, होटगी रोड, अक्कलकोट रोड अशा ठिकाणच्या एसीवाल्यांकडे गर्दी वाढते. बॉनेट उघडं, निळ्या-लाल नळ्यांचं गेज जोडलेलं आणि संवाद ठरलेला. ‘मालक, गॅस कमी झालाय, टाकून घ्या.’ ‘अहो, मागच्या उन्हाळ्यात टाकला होता की!’ ‘वर्षाला टाकावाच लागतो.’ बाहेर पारा ४२-४३ वर असतो, घरच्यांना अक्कलकोटला नाहीतर तुळजापूरला न्यायचं असतं. वाद घालायला वेळ कुणाला? टाकला जातो.

खरं तर एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. काँप्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटून डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये थंड होतो आणि परत काँप्रेसरकडे येतो. बंद वर्तुळ आहे ते. गॅस कमी झाला तर तो कुठून तरी गेला, एवढाच त्याचा अर्थ. वर्षाला गॅस टाकायची रीत पडली ती वेगळ्या गॅसच्या आणि वेगळ्या यंत्रांच्या काळात. तो काळ संपला, रीत मात्र चालू राहिली.

कारखान्यातूनच एसी बसवून आलेली पहिली मोटार अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीची, १९४० च्या मॉडेलची. थंड करणारी कॉइल डिकीत होती आणि तिने सामानाची बरीच जागा खाल्ली होती. काँप्रेसरला क्लच नव्हता. एसी पूर्ण बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून हाताने पट्टा काढावा लागे. दोनेक वर्षांत कंपनीने तो नाद सोडला. १९५३-५४ मध्ये क्रायस्लर, जनरल मोटर्स, नॅश यांनी पुन्हा हात घातला. नॅशने सगळा एसी गाडीच्या पुढच्या भागात बसवून दाखवला, आजच्या मांडणीचं मूळ तिथे आहे. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत एसी आला होता.

हे सगळं शक्य झालं आर-१२ नावाच्या गॅसमुळे. त्याआधी फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया असले विषारी वायू असत. गळती झाली तर माणूस दगावायचा. जनरल मोटर्ससाठी काम करणारे थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) जातीचे वायू पुढे आणले, आर-१२ त्यांतलाच. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. एका माणसाने हवेचं दोनदा एवढं नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

घरचा फ्रीज दहा-पंधरा वर्षं गॅस न भरता चालतो, मग गाडीचा एसी का नाही? फ्रीजचा काँप्रेसर मोटारीसकट लोखंडी डब्यात वेल्डिंग करून बंद केलेला असतो. गाडीचा काँप्रेसर फिरतो इंजिनच्या पट्ट्यावर, म्हणून त्याचा शाफ्ट कवचातून बाहेर यावाच लागतो. तिथे एक सील असतं, आणि फिरत्या शाफ्टवरचं सील शंभर टक्के कधीच धरत नाही. शिवाय इंजिन हलतं, म्हणून मधल्या काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. जुन्या साध्या रबरातून वायू पाझरायचा. म्हणजे त्या काळच्या एसीतून गॅस जाणं हे ठरलेलंच होतं.

तेव्हा त्याची फिकीरही कुणाला नव्हती. वायू स्वस्त, निरुपद्रवी समजला जाणारा, आणि सिस्टीममध्ये तो किलोच्या घरात मावायचा. शंभर ग्रॅम इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नव्हतं. रिसीव्हर-ड्रायरवर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डब्यावर, एक काचेची खिडकी असायची. इंजिन चालू ठेवून तिच्यातून पाहायचं: बुडबुडे दिसले की गॅस कमी, बुडबुडे थांबले की पुरे. वजनकाटा लागत नव्हता. ‘बघून भरणं’ हे त्या काळात अडाणीपणाचं नव्हतं, ती चक्क शिकवलेली पद्धत होती.

आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीला हौसेने एसी लावून घेतला जायचा तो डॅशखाली लोंबकळणाऱ्या पेटीच्या रूपात. चढावर इंजिन तापलं की आधी एसी बंद. बाकीच्यांचा उपाय म्हणजे पहाटे निघणं, किंवा खिडकीच्या काचेत ओला सोलापुरी टॉवेल अडकवणं. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली, १९८५ मध्ये भारतातलं सूरी कुटुंब, सुझुकी आणि जपानच्या डेन्सोच्या भागीदारीतून सुब्रोस ही मोटारींचे एसी बनवणारी कंपनी उभी राहिली, आणि एसी हळूहळू श्रीमंतांच्या गाडीतून मध्यमवर्गाच्या गाडीत उतरला. घरच्या फ्रीजमध्येही तेव्हा आर-१२ च असायचा. साहजिकच फ्रीजच्या मिस्त्रीचा सिलिंडर गाडीलाही चालायचा आणि त्याचा अंदाजही.

वरती मात्र भलतंच चाललं होतं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हे वायू स्ट्रॅटोस्फिअरपर्यंत पोहोचून ओझोन खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र प्रसिद्ध झालं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. २००० मध्ये आपल्याकडे ओझोनविषयक नियम आले. त्यांनुसार १ जानेवारी २००३ नंतर नव्या उपकरणांत सीएफसी वापरणं बंद झालं, आणि १ ऑगस्ट २००८ ला भारताने सीएफसीचं उत्पादनच थांबवलं, मुदतीच्या सतरा महिने आधी. दम्याच्या पंपांपुरती सवलत होती.

आर-१२ च्या जागी आलेल्या आर-१३४ए ला ओझोनचा दोष नाही, पण त्याच्यासाठी गाडीत बरंच बदलावं लागलं. त्याचा रेणू लहान, म्हणून नळ्यांना आतून नायलॉनचा थर आला. जुनं खनिज तेल त्याच्यात मिसळत नाही, म्हणून पॅग नावाचं कृत्रिम तेल आलं. चुकून जुना गॅस भरला जाऊ नये म्हणून जोडणीची तोंडंसुद्धा बदलली. कंडेन्सर सुधारले आणि आतला गॅस कमी कमी होत गेला. आजच्या छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस असतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर तो ग्रॅममध्ये छापलेला असतो, आणि तोच आकडा सहसा कुणी वाचत नाही.

बहुतेक गाड्यांतून काचेची खिडकीही गेली. जिथे राहिली तिथे तिचा भरवसा राहिला नाही, कारण बुडबुडे थांबेपर्यंत भरलं तर नव्या सिस्टीमचं माप चुकतं. मग उरलं गेज. गेज कसं फसवतं ते सोलापूरच्या दुपारी चांगलं दिसतं. गाडी बंद आहे, सावलीत उभी आहे, हवा ४० अंश. नळ्या जोडल्या की दोन्ही काटे १३० पीएसआयच्या आसपास जातात. आत २०० ग्रॅम असो की ५००, काटा तिथेच, कारण आत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत दाब ठरतो तो तापमानावरून, मापावरून नाही. घरचा सिलिंडर किती भरलाय हे आपण उचलून ठरवतो, तसंच इथेही वजनाशिवाय गत्यंतर नाही. एसी चालू करून वाचलेले दाब नक्कीच काही सांगतात, पण त्यात बाहेरची उष्णता, पंख्याचा जोर आणि कंडेन्सरची अवस्था असं सगळं मिसळलेलं असतं.

आपल्याकडे खरी गोम असते ती बरेचदा या कंडेन्सरमध्येच. काळ्या मातीची बारीक धूळ, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना उडणारी पाचट, हे सगळं ग्रिलमधून आत जाऊन त्याच्या पात्यांत बसतं. उष्णता बाहेर पडत नाही, लाल नळीच्या, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा दाब चढतो, आतला गारवा पडतो. अशा गाडीत आणखी गॅस टाकला तर दाब आणखी चढतो, आणि भर उन्हात सिग्नलला उभी असताना प्रेशर स्विच काँप्रेसर बंद पाडतो. ट्रॅफिकमध्ये गरम आणि हायवेला थंड अशी तक्रार असेल तर गॅसच्या आधी कंडेन्सर साध्या पाण्याने, हलक्या धारेने धुवावा आणि पंखा तपासावा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती दुमडतात.

गॅस खरोखर गेला असेल तर आधी गळती शोधायची. साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब, किंवा रंग सोडून यूव्ही बत्तीखाली पाहणं, यातलं काहीही चालेल. मग उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा आणि स्टिकरवरच्या वजनाइतका भरायचा. व्हॅक्यूम हवा काढायला असतोच, पण मुख्यतः ओलावा घालवायला असतो. आत राहिलेलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करतं. किमान अर्धा तास पंप चालावा. पुस्तकात व्हॅक्यूमचा पाऱ्याच्या २९ इंचांच्या वरचा आकडा दिलेला असतो, पण सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आणि हवेचा दाब तेवढा कमी असल्याने साध्या गेजचा काटा इथे साडेअठ्ठावीसच्या आसपासच थांबतो. तेवढ्यावरून पंपाला नावं ठेवू नयेत. दहा मिनिटांत पंप बंद करणाऱ्याला जरूर ठेवावीत.

सीलचा प्रश्न आजही सुटलेला नाही. हिवाळ्यात तीन-चार महिने एसी लावलाच नाही तर शाफ्टच्या सीलपर्यंत तेल पोहोचत नाही, ते सुकतं आणि गॅस सोडतं. थंडीतही आठवड्यातून पाच-दहा मिनिटं एसी चालवा असं सांगतात ते यासाठी. एप्रिलच्या गर्दीत गॅस गेलेल्या काही गाड्यांचं कारण डिसेंबरात असतं.

आणि ‘उरलेला सोडून द्या, नवीन भरू’ हेही जुन्या काळाचंच. आर-१३४ए ची पृथ्वी तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरतात. ४०० ग्रॅम हवेत सोडला तर सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. तेवढा धूर काढायला सुमारे अडीचशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल, म्हणजे छोट्या गाडीने सोलापूर-पुणे नऊ वेळा जाऊन यायचं. म्हणूनच युरोपने २००६ मध्ये कायदा केला आणि २०१७ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांतून हा गॅस हद्दपार झाला. त्याच्या जागी प्रामुख्याने आर-१२३४वायएफ आला. तापवण्याच्या बाबतीत तो फारच सौम्य आहे, पण किंचित ज्वलनशील आणि बराच महाग. माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. आपल्याला आर-१३४ए च्या जातीच्या वायूंचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे.

गॅस दुर्मीळ आणि महाग होत गेला की भेसळ येते. २०११ मध्ये काही शीत कंटेनरांचे स्फोट झाले. त्यांच्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड निघालं, म्हणजे आर-१२ ने ज्याला हद्दपार केलं होतं तोच विषारी वायू. अ‍ॅल्युमिनियमशी त्याची घातक रासायनिक क्रिया होते, आणि गाडीचा कंडेन्सर अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. भलत्याच स्वस्त डब्यातला गॅस घेताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

विजेच्या गाड्यांत हे गणित पुन्हा बदलतं. तिथे पट्टा नाही. काँप्रेसर मोटारीसकट फ्रीजसारखा बंद असतो, त्यामुळे बाहेर येणारा शाफ्ट आणि त्याचं सील दोन्ही गेले. पण मोटारीची तार तेलात असल्याने तिथे वीज अडवणारं पीओई तेल लागतं, आणि त्यात पेट्रोल गाडीतलं पॅग मिसळलं तर इन्सुलेशन जातं. विजेची गाडी एसीवाल्याकडे नेली तर नळ्या जोडायच्या आधी विचारायचं एवढंच: मशीन याच्या आधी कुठल्या गाडीला लावलं होतं, आणि मधे नळ्या साफ केल्या का?