डिपार्टमेंटचं सॉफ्टवेअर म्हणजे शॅडो आयटी नव्हे

आयटी धोरणाच्या बैठकीत एखाद्या विभागप्रमुखाने ‘हे सॉफ्टवेअर आमचं आम्हीच बनवलंय’ असं सांगितलं, की समोरून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हणजे शॅडो आयटीच की!’ शॅडो आयटी म्हणजे संस्थेच्या अधिकृत यंत्रणेच्या नजरेआड चालवलेलं सॉफ्टवेअर किंवा सेवा. मी एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये बरीच वर्षं काम करतोय आणि या वाक्याचा आता खरोखर वैताग आलाय. विभागाने चालवलेलं तंत्रज्ञान वेगळं आणि शॅडो आयटी वेगळं. दोन्ही सेंट्रल आयटीच्या, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती आयटी विभागाच्या, बाहेर जन्माला येतात, साम्य तेवढंच.

सेंट्रल आयटी काय करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मेल, वायफाय, लॉगिन, फायरवॉल, बॅकअप, तक्रारीचं तिकीट. खर्चाचं गणितही जुनंच आहे: एकत्र घेतलं की लायसन्स स्वस्त पडतं, विभागाने स्वतः केलं की काम लवकर होतं. त्यावर बैठकीचा वेळ घालवू नये.

घोटाळा होतो तो परवानगीच्या मुद्द्यावर. साहेबांची सही असली की अधिकृत, नसली की शॅडो, असं बहुतेक लोक धरून चालतात. आमच्याकडच्या दोन गोष्टी बघा.

रसायनशास्त्र विभागाने साठ्याच्या नोंदीसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं. ॲसिटोनच्या कपाटात कुणी नायट्रिक ॲसिडची बाटली नोंदवायला गेलं, की पडद्यावर लाल पट्टी येते आणि नोंद होतच नाही. कुठली बाटली कुठल्या बाटलीशेजारी ठेवायची नाही, हे मला कधी सुचलं नसतं. ते लॅबमधल्या माणसांनाच माहीत. पण ते सॉफ्टवेअर आमच्या सर्व्हरवर चालतं, लॉगिन संस्थेच्या खात्याने होतं, बॅकअप रोज रात्री आम्ही घेतो. आमच्या नोंदवहीत त्यापुढे दोन नावं आहेत: सांभाळणाऱ्याची, आणि तो नसताना कोण बघणार त्याची.

दुसरीकडे, शिष्यवृत्तीची माहिती गोळा करायला कार्यालयाने गूगल फॉर्म केला. प्राचार्यांची लेखी परवानगी होती. फॉर्म मात्र एका लिपिकाच्या खाजगी जीमेलवरून बनवलेला. मुलांचे आधार क्रमांक, बँक खाती, उत्पन्नाचे दाखले, सगळं त्या एका खात्यात. पुढे त्याने नोकरी सोडली, मोबाइल नंबरही बदलला. ओटीपी जुन्या नंबरवर जायचा. अर्जाची मुदत डोक्यावर आणि मुलं खिडकीशी रांगेत उभी, पण फॉर्म उघडता येईना. शेवटी सगळी माहिती कागदावर पुन्हा भरून घेतली.

या दोन्हींत परवानगी नसलेलं एकही नाही. तरी माझ्या मते शॅडो आयटी आहे तो फक्त गूगल फॉर्म. कारण शॅडो आयटी ओळखायची ती एका प्रश्नावर: हे चालवणारा माणूस उद्या आला नाही, तर त्याच्या जागी कोण उभं राहणार, आणि ते आजच कुठे लिहिलेलं आहे का? उत्तर नसेल तर सही कुणाचीही असो, ते शॅडोच. ‘पण क्लाउडवर आहे ना?’ असं म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, आधी मालकी बघा. खाजगी जीमेलवरच्या फाइलचा मालक तो माणूस असतो, संस्था नसते. गूगल वर्कस्पेसच्या शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल संस्थेची राहते, माणूस गेला तरी.

ही दुखणी फक्त विभागांतच असतात असंही नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत कोविडचे १५,८४१ पॉझिटिव्ह अहवाल रोजच्या आकड्यांतून गळाले, कारण प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. संस्था देशपातळीवरची, मध्यवर्ती. म्हणून ‘सेंट्रल म्हणजे सुरक्षित’ हे मला पटत नाही.

कायदाही कुणी फॉर्म बनवला ते विचारत बसत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. जी यंत्रणा आहे हेच माहीत नाही, तिच्यात घुसखोरी झाल्याचं लक्षात येणार कसं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि जबाबदारी संस्थेची आहे, लिपिकाची नाही.

वाटणी कशी करावी? लॉगिन, नेटवर्क, बॅकअप आणि लॉग (कुणी कधी काय केलं याच्या नोंदी) सेंट्रलकडेच, यात मी कुणालाही सूट देणार नाही. कामाचे नियम मात्र विभागाचे. सातबाऱ्याचं बघा. ई-फेरफार प्रणाली एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्या आयटी संस्थेने, बनवली, पण फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यायची आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची, हे महसूल खात्याचे नियम. ते ठरवणं प्रोग्रामरचं काम नाही.

आणि एक गोष्ट आम्हा आयटीवाल्यांनी कबूल केली पाहिजे. त्या लिपिकाने आधी आमच्याकडेच फॉर्म मागितला होता. त्याचं तिकीट तीन आठवडे आमच्या रांगेत पडून होतं, म्हणून त्याने स्वतःचं जीमेल उघडलं. आता साध्या फॉर्मची मागणी आम्ही दोन दिवसांत पुरी करतो, आणि अर्जावर ‘पर्यायी व्यक्ती’ हा रकाना रिकामा असला तर त्याच दिवशी विभागात फोन करून नाव विचारून घेतो.