ब्रिटिश लष्करी तलवारी : संग्रह आणि कारागिरांचा शोध

ब्रिटिश सैन्यात साधारण १७८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ज्या तलवारी वापरात होत्या त्या गोळा करणं, आणि त्या कोणी घडवल्या, कोणी विकल्या, कोणाच्या कमरेला होत्या हे शोधून काढणं असा हा छंद आहे. छंद म्हणायचं खरं, पण यातलं निम्म्याहून जास्त काम संशोधनाचंच. तलवार विकत घेऊन भिंतीवर टांगणारे भरपूर असतात, पण खरी गोडी नाव वाचण्यात आहे, कारण पात्यावर कोरलेलं नाव बनवणाऱ्याचं असेलच असं अजिबात नाही. बऱ्याचदा ते दुकानदाराचं असतं, कधी चक्क लष्करी शिंप्याचं असतं (अधिकाऱ्याचा युनिफॉर्म शिवणारं दुकानच तलवारही पुरवायचं), आणि ज्याने लोखंड तापवून ठोकलं तो माणूस बर्मिंगहॅममध्ये नाहीतर जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये, त्याचं नाव कुठेच नाही.

सुरुवात पॅटर्नपासून करावी लागते. १७८६ मध्ये पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठी आणि १७८८ मध्ये घोडदळासाठी ठराविक नमुने ठरले, त्याआधी रेजिमेंटचा कर्नल ठरवेल ते. मग १७९६ ची लाइट कॅव्हलरी सेबर आली, रुंद आणि चांगलीच वाकडी, जॉन गॅस्पर्ड ल मार्शां या अधिकाऱ्याने बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बर्न या तलवारवाल्याच्या मदतीने तयार केलेली. फ्लॅंडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) मोहिमेत ब्रिटिश स्वारच जुन्या बेढब तलवारींनी स्वतःला आणि स्वतःच्या घोड्यांना जखमी करतात हे ल मार्शांने पाहिलं होतं. पुढे १८२२ ची पायदळ अधिकाऱ्यांची गॉथिक (कमानींच्या जाळीसारख्या) मुठीची, १८५३ ची घोडदळाची, आणि शेवटी १९०८ ची, जी फक्त भोसकण्यासाठी, ३५ इंची सरळ पात्याची. मधले पॅटर्न बरेच आहेत, सगळे इथे देत नाही. एक लक्षात ठेवायचं की अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घ्यायचे म्हणून पॅटर्न एकच असला तरी पात्याची प्रत, नक्षी, मूठ यांत खूप फरक दिसतो, आणि साध्या शिपायाची तलवार मात्र सरकारी.

कारागिरांच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त भावणारा माणूस म्हणजे बर्मिंगहॅमचा टॉमस गिल. १७८० च्या दशकात इंग्रजी पात्यांची पत इतकी घसरलेली होती की लंडनचे तलवारवाले जर्मन पाती ड्यूटी न भरता आणू द्या अशी मागणी करत होते, आणि गिल म्हणत होता की मी जर्मनांच्या तोडीची पाती देतो, हवी तशी परीक्षा घ्या. संधी दिली ईस्ट इंडिया कंपनीने. १७८६ मध्ये कंपनीला स्वारांसाठी १०,००० तलवारी हव्या होत्या आणि ऑर्डर इंग्रज आणि जर्मन दोघांनाही गेली. गिलने आग्रह धरला म्हणून सगळी पाती मशीनवर तपासली गेली, मशीन बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टनने सुचवलेलं, ३६ इंची पातं इतकं वाकवायचं की टोकापासून टोकापर्यंतचं अंतर साडेएकोणतीस इंच उरेल, आणि सोडल्यावर ते परत सरळ झालं पाहिजे. निकाल असा लागला: गिलच्या २,६५० पैकी फक्त ४ नापास, जर्मन १,४०० पैकी २८ नापास, आणि बाकीच्या इंग्रज कारागिरांच्या २,७०० पैकी १,०८४ नापास! गिल तेवढ्यावर थांबला नाही, तो आपलं पातं बिडाच्या ठोकळ्यावर आडवं आपटायचा आणि धारेने लोखंडावर वार करून दाखवायचा. त्याच्या पात्यांवर 'कधीही दगा देणार नाही' अशा अर्थाची इंग्रजी हमी कोरलेली सापडते आणि ती नुसती जाहिरात नव्हती हे वरच्या आकड्यांवरून कळतंच.

तरी झोलिंगेनचा माल थांबला नाही. नेपोलियनच्या काळातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांच्या तलवारींवर पात्याच्या पाठीवर 'जे जे रंकेल झोलिंगेन' असं असतं. नवीन माणूस हे कारागिराचं नाव समजतो, पण रंकेल हा लंडनमधला आयात करणारा व्यापारी. याच काळातली निळी आणि सोनेरी पाती (निळ्या पॉलिशवर सोन्याची नक्षी) बाजारात सगळ्यात महाग जातात.

नंतरच्या काळात एक नाव बाकी सगळ्यांना झाकून टाकतं ते म्हणजे विल्किन्सन. मुळात ही कंपनी बंदुकांची, हेन्री नॉकने १७७२ मध्ये सुरू केलेली, त्याच्यानंतर जावई जेम्स विल्किन्सन आणि मग त्याचा मुलगा हेन्री. या हेन्रीने १८४० च्या दशकात तलवारी मनावर घेतल्या, पाती तपासायचं स्वतःचं मशीन बनवलं, आणि पास झालेल्या पात्यात मुठीजवळ पितळेची छोटी गोल चकती बसवायला सुरुवात केली. चकतीभोवती सहा कोनांचा तारा असतो, त्यावरून तलवार ज्यू अधिकाऱ्याची असावी असं बरेच जण धरून चालतात, तसं काही नाही, ती सजावट आहे आणि इतर कारागिरांनीही ती उचलली. म्हणजे नुसती चकती आणि तारा बघून विल्किन्सन समजायचं नाही.

विल्किन्सनची खरी देणगी म्हणजे नंबर. १८५४ च्या सुमारास ५००० च्या आसपासच्या आकड्यापासून पात्याच्या पाठीवर सीरियल नंबर टाकायला सुरुवात झाली आणि प्रत्येक नंबर वहीत नोंदवला गेला, कोणतं पातं, कधी तपासलं, आणि पुष्कळदा घेणाऱ्याचं नाव. त्या वह्या टिकल्या म्हणून आज पाठीवरचा चार-पाच आकडी नंबर घेऊन एखाद्या लेफ्टनंटपर्यंत पोचता येतं, मग आर्मी लिस्टमध्ये (अधिकाऱ्यांची छापील यादी) त्याची रेजिमेंट, लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात बढत्या, मेडल रोलमध्ये (पदकं मिळालेल्यांची यादी) मोहिमा. नंबर नसेल तर पात्यावरची आद्याक्षरं आणि घराण्याचं चिन्ह यावरून तोच प्रवास उलट्या बाजूने करतात, पण आद्याक्षरं जुळली म्हणजे माणूस सापडला असं नसतं, त्या पॅटर्नच्या काळात, त्या रेजिमेंटमध्ये त्या आद्याक्षरांचे किती जण होते ते आधी मोजायला हवं, आणि विकणारे लोक नेमकी हीच पायरी गाळतात. तारखेसाठी मुठीवरचं राजचिन्हही बघतात, व्हिक्टोरियाचं व्हीआर १८३७ ते १९०१, त्यानंतर एडवर्ड सातवा, १९१० पासून जॉर्ज पाचवा. दुकानाचा पत्ता कोरलेला असेल तर जुन्या ट्रेड डिरेक्टरीत ते दुकान त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होतं हे काढता येतं, आणि हा पुरावा राजचिन्हापेक्षा जास्त नेमका ठरतो.

शिपायांच्या तलवारी स्वस्त मिळतात म्हणून त्यांना कमी लेखतात, हे मला पटत नाही, कारण त्यांच्यावर कोरलेल्या खुणा आणि शिक्के जास्त असतात. बाणाचं चिन्ह म्हणजे सरकारी मालमत्ता, मुकुट आणि खाली अक्षर-आकडा म्हणजे तपासनिसाचा शिक्का, फुली म्हणजे वाकवण्याची परीक्षा पास, परजेवर किंवा म्यानावर रेजिमेंटचं नाव आणि शस्त्राचा नंबर, आणि दोन बाण समोरासमोर टेकलेले दिसले तर सैन्यातून काढून विकलेली. बाणाखाली 'आय' असेल तर ती भारत सरकारची. बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मोल अँड सन्सने भारतीय घोडदळासाठी पुष्कळ तलवारी बनवल्या, त्यातल्या काहींची मूठ ब्रिटिश आणि पातं देशी तलवारीच्या वळणाचं असतं. मोल पुढे विल्किन्सननेच घेतली.

भारतातली गोष्ट इथे उलटी फिरते. युरोपियन पात्याला देशी मूठ बसवायची पद्धत आपल्याकडे जुनीच, मराठ्यांची फिरंग म्हणजे तेच, आणि ब्रिटिश आल्यावर त्यांची भंगारात काढलेली पातीही याच वाटेने गेली. १७९६ च्या सेबरचं पातं आणि वर गादीवाली देशी मूठ अशा तलवारी आजही सापडतात. ब्रिटिश घोडदळातला कॅप्टन लुई नोलन (हाच पुढे १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हाला लाइट ब्रिगेडच्या चढाईत मारला गेला) याने निजामाच्या घोडेस्वारांबद्दल लिहून ठेवलंय की त्यांच्या भयानक कापणाऱ्या तलवारी बघून तो चकित झाला आणि चौकशी केली तर पाती ब्रिटिश ड्रॅगून स्वारांनी टाकून दिलेलीच निघाली. फरक एवढाच की त्यांना वस्तऱ्यासारखी धार लावलेली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवलेली असायची, लढाईशिवाय बाहेर काढायची नाहीत. ब्रिटिश स्वाराची तीच तलवार लोखंडी म्यानात रोज घासून बोथट व्हायची. म्हणजे बर्मिंगहॅमचं पातं वाईट नव्हतं, त्याची निगा वाईट होती. अशी मूठ बदललेली तलवार काही संग्राहक 'मोडतोड केलेली' म्हणून बाजूला ठेवतात, मला ती मूळ अवस्थेतल्या तलवारीपेक्षा जास्त मोलाची वाटते, दोन सैन्यांचा इतिहास एकाच वस्तूत असतो.

जपणुकीबद्दल: घासायची नाही. पात्यावरची नक्षी ॲसिडने खाऊन केलेली असते आणि तिची खोली नखालाही लागत नाही इतकी कमी असते, पॉलिश पेपर मारला की कारागिराचं नाव, नंबर, आद्याक्षरं सगळं जातं आणि ते परत येत नाही. हलकं तेल, मऊ फडकं, आणि गंज फार असेल तर बारीक स्टील वूल तेलात भिजवून फक्त त्या डागापुरतं. मुठीवर माशाचं कातडं आणि चांदीची तार असते, तिथे तेल लावू नये, कातडं सुटतं. चामड्याच्या म्यानात तलवार कायमची ठेवू नये, दमट हवेत चामडं पाणी धरतं आणि पातं आतून गंजतं, आपल्याकडे कोकणात आणि मुंबईत तर पावसाळ्यात हे हमखास होतं. धार लावलेली सापडली तर ती काढू नका आणि नसलेली लावू नका, कारण अधिकारी मोहिमेवर निघताना धार लावून घ्यायचे, १९१४ मध्येही घेतली, त्यामुळे जुनी धार हा स्वतःच एक पुरावा आहे.

कायदा देशागणिक वेगळा. ब्रिटनमध्ये २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वाकड्या पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे पण शंभर वर्षांपेक्षा जुन्या तलवारींना सूट आहे. भारतात शस्त्र कायदा १९५९ बघावा लागतो, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, त्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे घरातल्या जुन्या तलवारीचे फोटो परदेशातल्या जाणकाराला जरूर पाठवा, पात्याची पाठ, मुठीजवळचा भाग आणि म्यानाचं तोंड नीट दिसेल असे, तलवार मात्र पाठवू नका.