‘मला ओळखलंत?’ : अलिखित सामाजिक संकेतांची पार्श्वभूमी

अठराव्या शतकातील लंडनमध्ये मुखवट्यांच्या नृत्यसभेत आलेला पाहुणा समोरच्या अनोळखी व्यक्तीला किनऱ्या, बदललेल्या आवाजात विचारत असे, ‘मला ओळखलंत?’ समोरूनही तशाच आवाजात उत्तर येई, ‘मी तुम्हाला ओळखतो.’ एरवी त्याच शहरात तिसऱ्या कोणी रीतसर ओळख करून दिल्याशिवाय प्रतिष्ठित घरातील स्त्रीशी बोलू लागणे असभ्य समजले जाई. त्यामुळे अशा सभा म्हणजे सामाजिक बंधनांतून काही तासांची सुटका, असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. बोलण्यावरचे एक बंधन उठले की त्याच्या जागी दुसरी येऊन बसत. ओळख पटली तरी नाव उच्चारायचे नाही, दुसऱ्याचा मुखवटा ओढायचा नाही, आणि मेंढपाळाचे सोंग घेतले असेल तर मेंढपाळासारखे बोलायचे. तिकिटावर यांतले काहीच छापलेले नसे, तरी नवख्याची चूक लगेच उघडी पडे. बंधन सैल करण्याची रीतही बंधनाइतकीच काटेकोर असते, आणि ती ठाऊक असलेल्यांनाच त्या सैलपणाचा लाभ मिळतो, ही गोष्ट या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

लंडनची ही प्रथा व्हेनिसकडून आली. व्हेनिसच्या प्रजासत्ताकात मुखवटा केवळ कार्निव्हालच्या दिवसांपुरता नव्हता. शरद ऋतूपासून ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होईपर्यंत, वर्षातील कित्येक महिने, तो घालून हिंडण्याची मोकळीक होती. ‘बाउता’ नावाच्या पेहरावात काळी शाल, तिकोनी टोपी आणि खालच्या बाजूला पुढे आलेला पांढरा मुखवटा असे. त्या आकारामुळे मुखवटा न काढता खाता-पिता येई आणि आवाजही बदले. १६३८ मध्ये तेथे सरकारी मान्यतेने ‘रिदोत्तो’ हे जुगारघर उघडले. तेथे खेळणाऱ्यांना मुखवटा सक्तीचा होता, केवळ डाव चालवणारे सरदार उघड्या चेहऱ्याने बसत. मुखवटाधारी स्त्री असो वा पुरुष, अभिवादन एकच असे : ‘सिओरा मास्केरा’, म्हणजे ‘मुखवटेबाई’. कोणी कोणाला किती वाकून नमस्कार करायचा, हे ज्या समाजात जन्मावरून ठरत होते, तेथे या एका संबोधनाने सगळ्यांना एका पातळीवर आणले. एक मुखवटा मात्र याच्या नेमका उलट होता. ‘मोरेत्ता’ हा स्त्रियांचा काळा गोल मुखवटा आतील बटण दातांत धरून सांभाळावा लागे, त्यामुळे तो घातलेल्या स्त्रीला बोलताच येत नसे. रिदोत्तो १७७४ मध्ये बंद झाले आणि १७९७ मध्ये प्रजासत्ताकच संपले.

लंडनमध्ये या सभांचा जम बसवला तो जॉन जेम्स हायडेगर या स्वित्झर्लंडहून आलेल्या नाट्यव्यवस्थापकाने. हेमार्केटच्या नाट्यगृहात १७१७ च्या सुमारास त्याने सुरू केलेल्या सभांना तिकीट विकत घेऊन जाता येई. सरदाराला घराण्यामुळे आणि दुकानदाराला पैशामुळे एकाच दालनात जागा मिळू लागली, हे त्या काळच्या इंग्रज समाजाला पचणारे नव्हते. लंडनचे बिशप एडमंड गिब्सन यांनी १७२४ मध्ये या सभांविरुद्ध प्रवचन दिले. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर, दैवी कोपाच्या धास्तीने, त्या काही काळ थांबल्याही. टीकाकारांचा रोख बहुतेक अनीतीवर असे. माझ्या वाचनावरून मात्र त्यांची खरी अस्वस्थता वेगळीच दिसते : समोरचा कोण हे कळत नसेल, तर त्याच्याशी कसे वागायचे हेही कळत नाही, आणि ज्या समाजाची सारी सभ्यता हुद्दा ओळखण्यावर उभी आहे त्याला हे फारच मोठे संकट वाटते.

स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात १६ मार्च १७९२ च्या रात्री हे भय वेगळ्याच रीतीने खरे ठरले. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याला धोक्याची सूचना देणारे निनावी पत्र त्याच संध्याकाळी मिळाले होते, तरी तो सभेला गेला. कटवाल्यांनी त्याला गाठून फ्रेंचमध्ये ‘नमस्कार, सुंदर मुखवट्या’ अशा अर्थाचे अभिवादन केले आणि याकोब योहान आंकारस्ट्रोम याने त्याच्यावर गोळी झाडली. चेहरा झाकलेला असूनही राजा लपला नव्हता, कारण त्याच्या वस्त्रावर राजचिन्हाचा तारा होता. २९ मार्च रोजी त्याचा मृत्यू झाला.

एकोणिसाव्या शतकात मुखवटा मागे पडला आणि वेष राहिला. तिकिटाऐवजी निमंत्रण आले, आणि त्याबरोबर कोणाला बोलावले व कोणाला वगळले याला अतोनात महत्त्व आले. राणी व्हिक्टोरियाने १२ मे १८४२ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात भरवलेल्या वेषसभेत ती स्वतः चौदाव्या शतकातील राणी फिलिपाच्या आणि तिचा पती तिसऱ्या एडवर्डच्या वेषात होता. डबघाईला आलेल्या स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना काम मिळावे, हा त्या सभेचा एक हेतू होता. न्यूयॉर्कमध्ये २६ मार्च १८८३ रोजी अॅल्वा व्हँडरबिल्ट यांनी दिलेल्या सभेची कथा आजही सांगितली जाते. शहराच्या उच्चभ्रू वर्तुळाच्या प्रमुख समजल्या जाणाऱ्या कॅरोलाइन अॅस्टर यांनी तोवर व्हँडरबिल्टांच्या घरी कधी भेटपत्र, म्हणजे भेटीचा संबंध सुरू करण्यासाठी देण्याचे नावाचे कार्ड, पाठवले नव्हते. जिच्याशी रीतसर भेटीचा संबंध नाही तिच्या मुलीला निमंत्रण कसे द्यायचे, असा पवित्रा अॅल्वा यांनी घेतला, आणि अखेर अॅस्टर यांचे भेटपत्र त्या घरी पोहोचले. निमंत्रण कोणी मागितले नाही, अपमान कोणी बोलून दाखवला नाही, पण एका पुठ्ठ्याच्या तुकड्याने सारा व्यवहार पार पाडला.

अशा सभांतून मैत्रीकडे जाणारी वाट कशी होती, हे त्या काळच्या इंग्रजी शिष्टाचाराच्या पुस्तकांतून स्पष्ट दिसते. नृत्यासाठी करून दिलेली ओळख त्या नृत्यापुरतीच मानली जाई. दुसऱ्या दिवशी रस्त्यात ती स्त्री दिसली, तर पुरुषाने आपण होऊन टोपी उचलायची नसे. तिने आधी मान लववली तरच ओळख पुढे चालू राही, आणि तिने नजर फिरवली तर ती तेथेच संपे. युरोप खंडात अनेक ठिकाणी हीच रीत उलटी होती, तेथे पुरुषाने आधी अभिवादन करणे अपेक्षित असे. हिंदुस्थानातील इंग्रज वसाहतीत आणखी वेगळे वळण होते. विलायतेत जुन्या रहिवाशाने नवागताकडे प्रथम जायचे, तर येथे नवागतानेच बंगल्याबंगल्यावर जाऊन, फाटकाशी टांगलेल्या ‘घरी नाहीत’ असे लिहिलेल्या पेटीत भेटपत्र टाकायचे. घरात माणसे आहेत हे दोन्ही बाजूंना माहीत असे, आणि तसे दाखवायचे नाही हेही.

या परंपरेतील एक तारीख मराठी वाचकाला विसरता येणारी नाही. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये २ जुलै १८९७ रोजी सुमारे सातशे निमंत्रितांची भव्य वेषसभा भरली. पाहुण्यांनी १८१५ पूर्वीच्या काळातील ऐतिहासिक किंवा रूपकात्मक वेषात यावे, अशी अट होती, आणि बागेतील तंबूत त्यांची छायाचित्रे घेतली गेली. याच महोत्सवानिमित्त दहा दिवस आधी, २२ जूनच्या रात्री, पुण्याच्या गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या निवासस्थानी समारंभ झाला होता, आणि तेथून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलै रोजी, म्हणजे लंडनच्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी मरण पावला. प्लेगच्या तपासणीविषयी पुण्यातील लोकांच्या ज्या तक्रारी होत्या, त्यांत सैनिक बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात ही एक प्रमुख होती. उंबरठ्यापाशी पादत्राणे उतरवावीत, हे मराठी घराने कधी पाटीवर लिहिलेले नव्हते. भेटपत्राचा कोपरा कसा दुमडायचा याची काळजी वाहणाऱ्या राजवटीला येथील घराचा उंबरठा वाचता आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

बंधन सैल करण्याची मान्य रीत मराठी समाजातही पूर्वापार आहे, आणि तिचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे उखाणा. पतीचे नाव पत्नीने उच्चारू नये, असा दंडक होता. त्यामुळे ‘अहो’, ‘इकडून’ अशी वळणे भाषेत आली. पण मंगळागौरीला, डोहाळजेवणाला किंवा गृहप्रवेशाच्या वेळी दारात अडवले असता तेच नाव चारचौघांत घ्यायलाच हवे, मात्र यमकात बांधून. व्हेनिसच्या मुखवट्याने जे साधले, ते येथे दोन ओळींच्या पद्याने साधले जाते. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली रुजलेल्या कार्निव्हालने, म्हणजे इंत्रुजाने, प्रत्यक्ष मुखवट्याची परंपराही आणली. पणजीच्या क्लुब नासिओनालमधील त्याच्या अखेरच्या नृत्याला लाल आणि काळ्या रंगाचेच कपडे घालून जायचे असते.

संबोधनाचा पेच तर सगळीकडेच आहे. स्वीडनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समोरच्याला सर्वनामाने नव्हे, तर हुद्द्याने संबोधण्याची पद्धत होती. ‘डॉक्टरांना कॉफी हवी आहे का’, हे डॉक्टरांनाच विचारायचे. हुद्दा ठाऊक नसेल तर कर्ता गाळून कर्मणी प्रयोगात वाक्य फिरवावे लागे. मराठी माणसाला हे परके वाटणार नाही. ‘अरे’ म्हणावे की ‘अहो’ हे ठरत नसले की आपणही ‘केव्हा येणं झालं?’, ‘कुठं निघणं झालं?’ असे विचारून सर्वनाम टाळतो. १९६७ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय प्रशासनाचे नवे प्रमुख ब्रुर रेक्सेद यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार असल्याचे जाहीर केले. बदल आधीच सुरू झाला होता, पण त्याचे नाव रेक्सेद यांच्याशी जोडले गेले. ज्या देशात राजा वस्त्रावरच्या ताऱ्यावरून ओळखला गेला होता, तेथे काही वर्षांतच जवळजवळ सगळेच एकमेकांना ‘तू’ म्हणू लागले. आपल्याकडे मात्र अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणे अजूनही मैत्रीतील एक टप्पा आहे, आणि तो कोणी आणि केव्हा ओलांडायचा हे दोघांनी न बोलता ठरवायचे असते.

अशा न बोललेल्या गोष्टींचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकातच सुरू झाला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये दाखवले की, भेटवस्तू देणे, घेणे आणि परतफेड करणे ही तिन्ही सामाजिक कर्तव्ये आहेत, मग देणारा ती कितीही ऐच्छिक म्हणो. शेजारणीने दिलेली वाटी रिकामी परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपल्या आज्यांना मोस न वाचताच ठाऊक होते. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये गर्दीतील अनोळखी माणसांच्या वागण्याकडे लक्ष वेधले. आपण समोरच्याकडे क्षणभर पाहतो, त्याचे अस्तित्व मान्य करतो आणि लगेच नजर काढून घेतो, ही त्यांच्या मते सभ्यतेने केलेली उपेक्षा होय.

मैत्रीपुरते सर्वांत थेट काम ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ मायकेल आर्गाइल आणि त्यांच्या सहकारी मोनिका हेंडरसन यांचे आहे. त्यांनी १९८४ मध्ये ब्रिटन, इटली, हाँगकाँग आणि जपान येथील लोकांपुढे मैत्रीचे ४३ संभाव्य नियम ठेवले. गरज दिसताच आपण होऊन मदत करणे, आनंदाची बातमी सांगणे, मित्राच्या पाठीमागे त्याची बाजू घेणे, सांगितलेले गुपित पोटात ठेवणे, असे त्यांचे स्वरूप होते. मैत्री तुटण्याच्या कारणांत तिसऱ्या माणसाशी संबंधित नियमभंग ठळक दिसले : मित्राच्या इतर मित्रांचा मत्सर, चारचौघांत टीका, फुटलेले गुपित. दोघांतील भांडण मिटते, पण तिसऱ्यासमोर झालेला अपमान राहतो, हे अनुभवाने कोणीही सांगेल. त्या अभ्यासाने ते मोजून दाखवले.

मुखवटा हा शब्द या विषयात गेल्या काही वर्षांत पुन्हा आला आहे, पण उलट्या अर्थाने. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, व्यक्ती दुसऱ्याच्या नजरेला नजर देण्याचा सराव करतात, हसण्याची वेळ पाठ करतात आणि हातांच्या हालचाली दाबून ठेवतात. या प्रयत्नाला इंग्रजीत ‘मास्किंग’ म्हणतात. व्हेनिसमध्ये मुखवटा नियमांपासून सवड मिळावी म्हणून घातला जाई, तर येथे तो नियम पाळता यावेत म्हणून दिवसभर घालावा लागतो, आणि त्याचा थकवा अतिशय खरा आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, न समजण्याची ही अडचण दुहेरी आहे : स्वमग्न व्यक्तीला इतरांचे संकेत कळत नाहीत, तसेच इतरांनाही तिचे कळत नाहीत, पण ‘असमर्थ’ हा शिक्का एकाच बाजूला बसतो. माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत न्याय्य विधान आहे.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९१ च्या सुमारास विकसित केलेल्या ‘सोशल स्टोरीज’ या पद्धतीत अशा विद्यार्थ्यांसाठी एकेक प्रसंग छोट्या गोष्टीच्या रूपात लिहून दिला जातो. ‘असे वाग’ या आज्ञेपेक्षा ‘लोक असे का वागतात’ या वर्णनाची वाक्ये तीत पुष्कळ जास्त असावी लागतात. मराठी घरातल्या मुलासाठी अशी एक गोष्ट लिहायची झाली, तर ती अशी असेल : निरोप घेताना काही माणसे ‘एकदा जेवायला या’ असे म्हणतात. त्यांना आपण भेटल्याचा आनंद झालेला असतो. तेव्हा ‘हो, नक्की’ असे म्हणता येते. त्यांनी वार आणि वेळ सांगितली, तर ते जेवणाचे बोलावणे असते. सांगितली नाही, तर आपण त्यांना आपल्या घरी वार आणि वेळ सांगून बोलावू शकतो.