मे महिन्यातील दक्षिण आकाश (ठाणे–नवी मुंबई)

ठाणे व नवी मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने त्रिशंकू (चार ताऱ्यांची क्रूसासारखी आकृती), मित्र आणि मित्रक हे खोल दक्षिणेचे तारे येथूनही दिसतात. ते क्षितिजाला धरूनच फिरतात, त्यामुळे जागा आणि वेळ अचूक साधावी लागते. झोपण्याआधीच्या वेळेत ते पाहण्याचा महिना म्हणजे मे.

त्रिशंकू 1 मे रोजी रात्री साडेदहाच्या, 15 मे रोजी साडेनऊच्या आणि महिनाअखेरीस साडेआठच्या सुमारास ऐन दक्षिणेला येतो. तेव्हाही त्याचा वरचा, तांबूस तारा क्षितिजापासून 14 अंशांवर आणि तळाचा, सर्वांत तेजस्वी तारा जेमतेम 8 अंशांवर असतो. शोध मात्र वरून सुरू करावा. पांढरीशुभ्र चित्रा तारका ओळखावी, तिच्या पश्चिमेला हस्ताचा चौकोन दिसतो. हस्त ऐन दक्षिणेला आला की तेथून सरळ खाली चार मुठी उतरावे (हात ताणून धरलेली मूठ सुमारे 10 अंश). होकायंत्राने दिशा ठरवताना पाण्याच्या टाकीपासून आणि लोखंडी कठड्यापासून दूर उभे राहावे, नाहीतर सुई भरकटते.

महिन्याच्या सुरुवातीला अंधार पडताच दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, अशीच एक चौकडी दिसते आणि अनेकजण तिलाच त्रिशंकू समजतात. ती आकाराने मोठी व फिकी असते. खऱ्या त्रिशंकूच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला, मित्रक व मित्र हे दोन ठळक तारे असतात. त्रिशंकू ऐन दक्षिणेला असताना मित्र 6 अंशांवरच असतो, तो नीट पाहायला आणखी दोन तास थांबावे. सुमारे 4.4 प्रकाशवर्षांवरची ही मित्र तारकाप्रणाली सूर्याची सर्वांत जवळची शेजारी आहे.

दुर्बीण असेल तर ओमेगा सेंटॉरी चुकवू नये. आकाशगंगेतला हा सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ सुमारे 17 हजार प्रकाशवर्षांवर आहे. चित्रा ऐन दक्षिणेला आल्यावर (15 मे रोजी साडेदहाच्या सुमारास) तो तिच्या बरोबर खाली साडेतीन मुठींवर, 23 अंश उंचीवर असतो. शहरातून 10×50 च्या (दहापट मोठे दाखवणाऱ्या, 50 मिमी भिंगाच्या) द्विनेत्रीत तो पुसट, गोल डाग दिसतो. आग्नेयेकडून ज्येष्ठेसह वृश्चिक वर येतो. त्याला शोधावे लागत नाही.

गच्चीवरून पाहताना आधी दिवसा दक्षिण क्षितिज तपासावे. 100 मीटर अंतरावरची इमारत आपल्या डोळ्यांपेक्षा 20 मीटर, म्हणजे साधारण सहा-सात मजले उंच असेल, तर 11 अंशांपर्यंतचे आकाश जाते आणि त्रिशंकूचा तळ दिसत नाही. ठाण्याहून दक्षिणेला मुंबईचा उजेड, तर नेरूळ-बेलापूरहून उरण आणि न्हावा-शेवा बंदराचे दिवे आड येतात. बदलापूरपुढच्या वांगणीसारख्या ठिकाणी आकाश बरेच काळे मिळते.

खरा अडथळा दमट धुरकट हवेचा. 8 अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या सुमारे सातपट हवेतून येतो, म्हणून तेजस्वी तारेही मंदावतात. वळीव पडून गेल्यावर ढग फाटले तर धूळ बसलेली असते. ती रात्र सोडू नये. अमावास्येच्या आसपासचा आठवडा धरावा. मे महिन्यातला पौर्णिमेचा चंद्र बहुतेक वेळा विशाखा-अनुराधेजवळ, याच भागाच्या डोक्यावर असतो.