त्सुनामी उठते ती हादऱ्याने नव्हे

26 जानेवारी 2001 ला भूज हादरलं तेव्हा बडोद्यातही घरं हलली, माणसं रस्त्यावर धावली. तीव्रता 7.7, कच्छचं आखातही जवळच. तरी त्सुनामी आली नाही, कारण तो भूकंप जमिनीखालचा होता. पण भूकंप समुद्राखाली झाला की त्सुनामी येतेच, असंही नाही. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ तब्बल 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाट उठली ती किरकोळ. तिथे खडक एकमेकांना घासत आडवे सरकले होते.

त्सुनामीसाठी समुद्राचा तळ वर उचलला जावा लागतो किंवा खाली खचावा लागतो. 26 डिसेंबर 2004 ला नेमकं तेच झालं. सुमात्रापासून अंदमानपर्यंत भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. दोघांची कड अडकून बसते, वरची बाजू शतकानुशतकं दबत जाते. त्या सकाळी ती सुमारे 1200 किलोमीटर लांबीवर सुटली, तळ काही मीटर उसळला आणि त्यावरचं सगळं पाणी उचललं गेलं. वाऱ्याच्या लाटेत वरचा थरच हलतो. इथे तळापासूनचं पाणी निघतं.

खोल समुद्रात ही लाट कळतही नाही. 2004 मध्ये वरून जाणाऱ्या एका उपग्रहाने तिची उंची मोजली, ती जेमतेम 60 सेंटिमीटर. मात्र 4000 मीटर खोलीवर तिचा वेग ताशी 700 किलोमीटर असतो. 10 मीटर खोलीवर तो 36 वर येतो. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येतच राहतं आणि लाट उंच होते.

त्सुनामीआधी समुद्र ओसरतो, हे प्रत्येक वेळी खरं नसतं. थायलंडकडचा तळ खचला होता, म्हणून तिथे पाणी आधी मागे गेलं. आपल्या पूर्व किनाऱ्यावर ते थेट चढलं. ओसरण्याची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

द्वारका, दीवला सुट्टीत जाणाऱ्या बडोदेकरांनी पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याचं नाव लक्षात ठेवावं. नोव्हेंबर 1945 मध्ये तिथल्या 8.1 तीव्रतेच्या भूकंपाची त्सुनामी थेट मुंबईपर्यंत पोचली होती.

हैदराबादचं इशारा केंद्र 2007 पासून दोन्ही समुद्रांवर लक्ष ठेवून आहे. भूकंपाची जागा आणि तीव्रता भूकंपमापक काही मिनिटांत सांगतात. पाणी खरोखर उचललं गेलं का, हे मात्र समुद्रतळावरची दाबमापकं सांगतात. वरच्या पाण्याची पातळी काही सेंटिमीटरने बदलली तरी त्यांना कळतं.