एकच तेल, दोन उलटी कामं

‘इंजिनाचं काम झालंय ना, मग आता जरा जाड तेल टाका. जाड तेल म्हणजे जाड थर, इंजिनाला आराम.’ ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या तुर्भ्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात हा सल्ला फुकट मिळतो. त्याच्या जोडीला आणखी एक समज ठाण मांडून असतो: पंप दाबानं तेल ढकलतो आणि त्या दाबावर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, तरंगत राहतो. ठाण्यातल्या एका स्नेह्यांच्या जुन्या मिनीचं इंजिन आणि गिअरबॉक्स सध्या सुटे करून टेबलावर मांडलेले आहेत. ते भाग हातात घेऊन पाहिले की हे दोन्ही समज किती अपुरे आहेत ते कळतं. बेअरिंगमध्ये खरं काय घडतं, ते विज्ञानातल्या माझ्या अतिशय आवडत्या गोष्टींपैकी एक आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाडीची निकड भासली. मॉरिस मायनर ज्यांनी घडवली त्या अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी आणली. लांबी जेमतेम ३.०५ मीटर, तरी आत चार माणसं बसतात. त्यासाठी त्यांनी इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, थेट तेलाच्या सम्पमध्येच, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यातच घातला. इंजिन मात्र नवं नव्हतं. १९५१ पासून ऑस्टिनच्या छोट्या गाड्यांत असलेलं ‘ए-सिरीज’ इंजिन ८४८ सीसी करून वापरलं. २००० साली उत्पादन थांबेपर्यंत ५३ लाखांहून जास्त मिनी बनल्या. भारतात ही गाडी बनली नाही, त्यामुळे आपल्याकडे आहेत त्या बाहेरून आलेल्या, मोजक्याच. आपल्या लोकांच्या ओळखीची छोटी ब्रिटिश गाडी म्हणजे एकेकाळी मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड. हेरल्डमध्ये इंजिनाचं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. मिनीत दोघांचं तेल एकच, आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

आता बेअरिंग. पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्टला जिथे धरतो तिथे बॉलबेअरिंग नसतं. तिथे जर्नल, म्हणजे क्रँकशाफ्टचाच गुळगुळीत, दंडगोल भाग असतो आणि त्याभोवती दोन अर्धगोल पत्र्यांची शेल. मधे फट एक ते अडीच थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ही अख्खी फट त्याच्यापेक्षाही बारीक.

या फटीवर भार किती येतो? ढोबळ हिशेब करू. पेट्रोल पेटल्यावर सिलिंडरमधला दाब ऐन क्षणी दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोच्या आसपास धरा. पिस्टनचा व्यास ६३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर. एकूण जोर झाला १,२४० किलो, सव्वा टन! हा जोर ज्या जर्नलवर येतो त्याचा व्यास ४१ मिलिमीटर आणि बेअरिंगची रुंदी दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त. म्हणजे भार पेलायला जागा साधारण ९ चौरस सेंटिमीटर आणि दर चौरस सेंटिमीटरला वाट्याला येतात जवळजवळ १४० किलो. पंपाचा दाब किती? गरम इंजिन चालू असताना ६० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ४ किलोच्या थोडं वर. तेहतीसपट मोठा भार पंप उचलूच शकत नाही. तरीही धातू धातूला लागत नाही. मग सव्वा टन उचलून कोण धरतं?

याचं उत्तर एका भोकातून बाहेर आलं. बीचम टॉवर (Beauchamp Tower) नावाचे इंग्रज अभियंते १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसांसाठी बेअरिंगचं घर्षण मोजत होते. फिरत्या आसावर पितळी बेअरिंग ठेवलेलं होतं आणि आस खालून तेलात बुडलेला होता. वरून तेल देण्यासाठी त्यांनी बेअरिंगला माथ्यावर भोक पाडलं. यंत्र सुरू केल्यावर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊन वाहू लागलं. त्यांनी बूच मारलं, ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर सरकली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तर काटा २०० पीएसआयच्या पुढे जाऊन टेकला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १०० पीएसआय. तिथे पंप मुळी नव्हताच. दाब त्या फिरणाऱ्या आसानं स्वतःच तयार केला होता. १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं, आणि आजही जगभर बेअरिंग त्याच समीकरणावर आखलं जातं.

हे कसं घडतं ते नवी मुंबईकरांना पावसाळ्यात रस्त्यावरच पाहायला मिळतं. मुसळधार पावसात पामबीच रस्त्यावर कुणी वेगात असेल तर अचानक स्टिअरिंग हलकं लागतं. टायरच्या पुढे पाण्याची पाचर तयार झालेली असते. टायर पाणी पुढून ओढून घेतो, जागा मागे निमुळती होत जाते, पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि गाडी पाण्यावर उचलली जाते. बेअरिंगमध्येही हेच होतं. भारामुळे जर्नल शेलच्या बरोबर मध्यावर राहत नाही, एका बाजूला सरकतं. त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अगदी अरुंद होते. तेल चिकट असल्यानं फिरतं जर्नल ते आपल्याबरोबर अरुंद भागात ओढून नेतं. तिथे ते दाटतं आणि दाब हजारो पीएसआयनं चढतो. सगळ्यात अरुंद जागी थर उरतो दोन-तीन मायक्रॉनचा. सव्वा टन त्या थरावर टेकलेला असतो. पंपाचं काम एवढंच की या पाचरीला तेल कमी पडू द्यायचं नाही.

आता जाड तेलाचा प्रश्न. पाचरीची भार पेलण्याची ताकद तीन गोष्टींवर ठरते: तेलाची चिकटाई, फिरण्याचा वेग आणि जर्नलच्या त्रिज्येला फटीनं भागून येणाऱ्या आकड्याचा वर्ग. हा वर्गच कळीचा आहे. चिकटाई दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण फट दुप्पट झाली तर ताकद एक चतुर्थांशावर येते. शिवाय बाजूनं गळणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दुप्पट फटीतून गळती आठपट. तेव्हा जर्नल झिजून फट अडीच थाऊवरून पाच थाऊवर गेली असेल, तर ती तूट भरून काढायला चौपट चिकट तेल लागेल. असं तेल थंड इंजिनात पंपातून शेलपर्यंत पोचायलाच वेळ लावतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज होते ती याच सुरुवातीच्या क्षणांत. जुनं इंजिन वाचवायचं तर पैसा क्रँक ग्राइंडिंगवर खर्च करावा. जर्नल १०, २० किंवा ३० थाऊ बारीक घासायचं, त्या मापाचे अंडरसाइज शेल आणायचे आणि जर्नल कुठे लंबगोल राहिलंय का ते मायक्रोमीटरनं दोन दिशांनी मोजायचं. मग प्लास्टिगेजचा मेणासारखा धागा जर्नलवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला कसायची, पुन्हा काढायची आणि चेपलेल्या धाग्याची रुंदी पट्टीशी ताडून फट वाचायची. चांगला टर्नर आणि धीराचा फिटर मिळाला तर बाकीचं जुळून येतं. असे कारागीर या पट्ट्यात अजून आहेत, आणि त्यांची कदर व्हायला हवी.

इथेच ‘नॅनो’, ‘सिरॅमिक’, ‘धातूवर कायमचं कोटिंग’ असं लिहिलेल्या बाटल्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. चालत्या बेअरिंगमध्ये धातू धातूला लागतच नाही, मग त्या कोटिंगनं तिथे करायचं काय? आणि झिजलेली फट कुठल्याही बाटलीनं भरत नाही. अमावस्येला इंजिन सुरू करू नये म्हणून अख्खी टीम थांबवून ठेवणं, बंपरखाली लिंबू-मिरची बांधणं, हेही त्याच माळेतलं. खंडेनवमीला अवजारांची पूजा करणं मला मनापासून आवडतं, कारण त्यात कामाबद्दल आदर असतो. पण त्या अवजारांचा खरा मान मायक्रोमीटर वापरण्यात आहे.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. इंजिनाच्या झडपा उघडणारा कॅमशाफ्ट आणि तो ज्यांना ढकलतो ते टॅपेट यांच्यात अशी धड पाचर बनत नाही, तिथे धातू जवळजवळ टेकतोच. तिथे तेलातलं झिंक आणि फॉस्फरसयुक्त रसायन धातूवर पातळ थर धरून झीज रोखतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या बऱ्याच तेलांत ते कमी केलेलं असतं. म्हणून अशा जुन्या इंजिनाला जुन्या गाड्यांसाठीचं २०डब्ल्यू-५० तेल (पहिला आकडा थंडीतल्या चिकटाईचा, दुसरा गरम असतानाच्या) घालणं योग्य.

आता त्याच तेलात बुडालेला गिअरबॉक्स पाहा. इथलं काम बरोबर उलटं आहे.

दुसऱ्यापासून वरचे गिअर बदलताना दातेरी चाकं सरकून एकमेकांत जात नाहीत. ती आधीपासून जुळलेलीच फिरत असतात. आपण फक्त कुठलं चाक शाफ्टला जखडायचं ते निवडतो. पण जखडायच्या आधी दोघांचा वेग सारखा व्हायला हवा. सुरुवातीच्या मिनीत दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.१७ आणि तिसऱ्याचं १.४१. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असेल, तर तिसऱ्यात त्याच वेगाला २,६०० फेऱ्याच लागतात. क्लच दाबल्यामुळे इंजिन बाजूला झालेलं असतं, पण क्लच प्लेट आणि गिअरचा संच जोरात फिरतच असतो. त्याला १,४०० फेऱ्यांनी खाली आणायचं, तेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. हे काम सिंक्रोची पितळी रिंग करते. तिचा आतला भाग शंकूसारखा निमुळता असतो, ती गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि ब्रेकसारखी घर्षणानं वेग जुळवते.

पण दोघांच्या मधे तेल आहे, आणि वर शिकलो तसं तेल भार उचलून धरतं. इथे उचललं तर घर्षणच होणार नाही! म्हणून रिंगच्या आतल्या अंगाला आट्यांसारख्या बारीक खाचा कापलेल्या असतात. टायरच्या नक्षीनं पाणी फोडावं तसा त्या खाचांच्या धारा तेलाचा थर फोडतात आणि तेलाला बाहेर वाट देतात. या धारा झिजून बोथट झाल्या की रिंग तेलावर घसरते, वेग जुळत नाही आणि गिअर टाकताना ‘खर्र’ आवाज येतो. पुष्कळ वेळा महागडं चाक बदललं जातं आणि दोष रिंगचा असतो. तपासायचं सोपं आहे: रिंग शंकूवर दाबून बसवायची आणि तिची कड व गिअरचे जखडणारे छोटे दाते यांच्यातली फट फीलर गेजनं पाहायची. फट पुस्तकात दिलेल्या मापाखाली गेली असेल तर रिंग संपली. पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेल्या मिनी १९६८ पर्यंत येत होत्या. त्यांत चालत्या गाडीला पहिला गिअर टाकायचा तर डबल क्लचची, म्हणजे क्लच दोनदा दाबून मधे वेग जुळवण्याची, सवय लागते.

मिनीचं तेल निवडताना म्हणूनच फार विचार करावा लागतो. घर्षण अतिशय कमी करणारी रसायनं ओतली तर इंजिनाला फारसा फायदा नाही आणि सिंक्रो मात्र घसरू लागतो. शिवाय २०डब्ल्यू-५० सारख्या मल्टिग्रेड तेलात गरम झाल्यावरही चिकटाई टिकवणारे लांबलचक रेणू असतात. गिअरचे दाते त्यांना चिरडतात, तोडतात. म्हणून मिनीचं तेल हेरल्डच्या इंजिनातल्या तेलापेक्षा लवकर पातळ होतं आणि लवकर बदलावं लागतं.

जोडणी झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढून ठेवायचे आणि तेलाचा दाब दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, म्हणजे पाचरीला लागणारं तेल आधी शेलपर्यंत पोचतं. नवा कॅमशाफ्ट असेल तर इंजिन पेटल्यावर ते आयडलवर ठेवायचं नाही, साधारण २,००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटं चालवायचं. पहिलं तेल काही शे किलोमीटरलाच काढायचं. मिनीच्या ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ कीस दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो गिअरच्या पोलादाचा. पण पितळ आणि शेलचा मऊ धातू चुंबकाला चिकटत नाहीत. त्यासाठी फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात धरून पाहायचा: पिवळी चमक दिसली तर आधी सिंक्रोच्या रिंगा तपासायच्या, रुपेरी पापुद्रे दिसले तर बेअरिंग.