तिसऱ्या मुलासाठी सरकार पैसे देतं का? बेळगाव सीमाभागातल्या आई-वडिलांसाठी अर्जाची माहिती

गेल्या वर्ष-दीड वर्षात खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या घरांतून एक प्रश्न सारखा कानावर येतो: तिसरं मूल झालं तर सरकार पैसे देणार म्हणे, अर्ज कुठं करायचा? याचं उत्तर आधीच देतो. कर्नाटकात तिसऱ्या मुलासाठी रोख रक्कम देणारी योजना नाही. पहिल्या बाळासाठी आणि दुसरं मूल मुलगी असेल तर मात्र पैसे आहेत, आणि ते वेळेत अर्ज न केल्यानं किंवा कागदावर नाव जुळत नसल्यानं अडकतात.

हा समज पसरला कसा, तेही बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १.७ निघाला, महाराष्ट्राचाही १.७ आणि देशाचा २.०. लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतो. त्यामुळे दक्षिणेतल्या राज्यांमध्ये उद्या म्हातारे जास्त आणि कमावते कमी होतील, लोकसभेच्या जागा घटतील, ही चिंता उघडपणे बोलली जाऊ लागली. आंध्र प्रदेशानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना स्थानिक निवडणूक लढवायला असलेली बंदी उठवली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या विजयनगरमच्या खासदारांनी तिसरं मूल मुलगी असेल तर ५०,००० रुपये आणि मुलगा असेल तर गाय देऊ, असं जाहीर केलं, तेही स्वतःच्या पगारातून. सिक्कीमनं २०२३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या मुलासाठी जादा वेतनवाढ जाहीर केली. या बातम्या मोबाइलवर फिरताना राज्याचं नाव गळून पडलं आणि ‘सरकार देणार’ एवढंच उरलं.

मातृवंदना योजना: कुणाला, किती

आपल्याकडे चालू असलेली मुख्य योजना केंद्राची आहे, प्रधानमंत्री मातृवंदना योजना. ती १ जानेवारी २०१७ पासून सुरू आहे आणि १ एप्रिल २०२२ पासून तिचे नियम बदलले. मुलं वाढवायला प्रोत्साहन देणं हा तिचा हेतू नाही. बाळंतपणात बाईची मजुरी बुडते, त्याची थोडी भरपाई व्हावी आणि तिला विश्रांती मिळावी, हा हेतू आहे. पहिल्या जिवंत अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत. दुसरं मूल मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी मिळतात. दुसरं मूल मुलगा असेल तर काही नाही. रक्कम तुटपुंजी आहे, यात शंका नाही. शेतावर किंवा तंबाखूच्या वखारीत रोजावर जाणाऱ्या बाईचे बाळंतपणात जेवढे दिवस बुडतात, त्यांची भरपाई यात होत नाही. पण आहे ती रक्कम तिच्या हक्काची आहे, म्हणून सोडू नये.

पात्रतेसाठी यांपैकी एक गोष्ट असली की पुरते: बीपीएल किंवा अन्नसुरक्षेचं रेशन कार्ड, वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, शेतकरी सन्मान निधी घेणारी महिला, किंवा ४० टक्के व त्याहून जास्त अपंगत्व. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा याही पात्र आहेत. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्या बाईला ही योजना नाही.

कागद आणि वेळ

दिवस गेल्याचं कळलं की आधी आरोग्य केंद्रात नोंद करून कार्ड घ्या. आपल्याकडे त्याला सगळे तायी कार्डच म्हणतात. महाराष्ट्राच्या बाजूला तेच माता-बाल संरक्षण कार्ड. शेवटच्या पाळीची तारीख त्यावर बरोबर लिहून घ्या, कारण पुढची बहुतेक मुदत त्या तारखेपासून मोजतात. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंद आणि निदान एक तपासणी झाली की पहिला हप्ता. बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी, म्हणजे बीसीजी, पोलिओ आणि पेंटाव्हॅलंटचे तीन डोस, पूर्ण झाले की दुसरा. पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांत अर्ज करता येतो. दुसरं मूल मुलगी असेल तर जन्मापासून २७० दिवसांत, पण गरोदरपणातच नोंद झालेली असली पाहिजे. पुष्कळ घरांत दुसऱ्या खेपेला ‘आता काय मिळतंय’ म्हणून नोंदीला उशीर करतात, आणि मुलगी झाल्यावर हळहळतात.

अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे द्यायचा, किंवा योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः भरायचा. त्याला पैसे लागत नाहीत; कुणी मागितले तर देऊ नका. सोबत आईचं आधार, तायी कार्ड, पात्रतेचा एक पुरावा, आणि नंतर बाळाचा जन्मदाखला व लसीकरणाची नोंद. नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही, त्यामुळे एकट्या आईनं त्यापायी मागं हटू नये. पैसे फक्त आईच्या आधार जोडलेल्या बँक किंवा पोस्ट खात्यात येतात, सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या खात्यात नाही. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मलं, तर पुढच्या गरोदरपणात त्या बाईला नव्यानं लाभ मिळतो. हे फार कमी बायकांना कुणी सांगतं.

सासर इकडं, माहेर तिकडं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सासर बेळगाव तालुक्यात आणि माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलला, अशी घरं किती तरी आहेत. योजना केंद्राची असल्यानं राज्य ओलांडल्यानं हक्क जात नाही, पण दोन्हीकडे नाव नोंदवू नका. एकाच ठिकाणी अर्ज करा आणि तेच कार्ड दुसरीकडच्या तपासणीला, लसीला घेऊन जा.

जन्माची नोंद मात्र बाळ जिथं जन्मलं तिथंच होते. गडहिंग्लजला जन्मलेल्या बाळाचा दाखला बेळगाव महापालिका देणार नाही. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत हाच दाखला लागणार आहे. म्हणून माहेराहून निघण्याआधी दाखला हातात घ्या आणि आई-वडिलांची नावं आधारशी अक्षर न अक्षर ताडून बघा. आपल्याकडे खरी अडचण इथंच येते: रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं. अर्जाआधी आधार आणि बँक खातं तरी एकसारखं करून घ्या.

भाग्यलक्ष्मी आणि इतर

बीपीएल घरातल्या मुलींसाठी कर्नाटकाची भाग्यलक्ष्मी योजना आहे. ती आता पोस्टातल्या सुकन्या समृद्धी खात्याशी जोडली आहे: सरकार वर्षाला ३,००० रुपये असे १५ वर्षं भरतं आणि २१ वर्षांनी व्याजासह रक्कम मुलीला मिळते. घरातल्या दोन मुलींपर्यंतच. अर्ज अंगणवाडीतून, जन्मदाखला, बीपीएल कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला जोडून. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात मिळतो. मुलीच्या पहिल्याच वर्षात हे काम उरकून टाका.

बीपीएल आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात.

तिसऱ्याचा विचार करताना

तिसरं मूल हवं की नको, हे ज्या त्या घरानं ठरवावं. पण नियम अजून उलट्या दिशेचे आहेत, हे माहीत असू द्या. खासगी नोकरीत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तिसऱ्याला १२ आठवडे. महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतले आपले तरुण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडून महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरीला अर्ज करतात. तिथं लहान कुटुंबाची अट आहे: २८ मार्च २००६ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. ऐकीव बातमीवर विसंबून नोकरीची वाट बंद झाली, तर ती नंतर उघडत नाही.

अर्ज करूनही पैसे आले नाहीत, तर आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारा. रक्कम जुन्या, विसरलेल्या खात्यात गेलेली असू शकते. तिथं नसेल तर अर्जाची पावती घेऊन तालुक्याच्या बालविकास योजना अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर पोच घ्या.